मिस वर्नेलचे कान

लॉस एंजेलिस
३ फेब्रुवारी २०१२

प्रिय मिस वर्नेल,

तुमचा गुडघा थंडीत फार छळत नसेल, तुमची भाची टॉमी लू तुम्हाला बिनमिठाचं जेवण वाढत असेल आणि तिची पाठ वळली की तुम्ही त्यावर मीठ घालून घेत असाल, असं धरून चालते. इकडे मी बरी आहे. अंगणातल्या लिंबाला एवढी लिंबं लागलीत की शेजारी आता मला बघून दार लावून घेतात.

फोन न करता पत्र लिहितेय, रागावू नका. फोनवर तुम्हाला माझं निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं तुम्ही मनानं भरता. मागच्या वेळी मी म्हटलं, शूटिंग झालं एकदाचं. तुम्ही अख्ख्या मेम्फिसला सांगितलंत की लीथाच्या ऑफिसात गोळीबार झाला. पास्टरसाहेबांनी माझ्यासाठी प्रार्थना घेतली, असं टॉमी लूनं कळवलं. वाया जाणार नाही. तिची मला गरज आहेच.

तर, पहिला भाग तयार झालाय. नाव ‘मोठी जनावरं’. मिसिसिपीतल्या एका लहान गावात डॉक्टर पेटवे नावाची जनावरांची डॉक्टर आहे. तरणीताठी, काळी, हट्टी. गाई, घोडे, खेचरं, असले सगळे रोगी. कोणी कोणाला गोळी घालत नाही. एक घोडा मरतो, तोही म्हातारपणानं. चॅनलचे ग्रँट म्हणून साहेब आहेत, त्यांनी वाचून झाल्यावर विचारलं, “छान आहे. पण गुन्हा कुठे आहे?” मी म्हटलं, “चौथ्या भागात बकरी चोरीला जाते.” त्यांनी ते लिहून घेतलं.

तुम्ही नेहमी म्हणता ना, हसवायचं असलं की आपल्याला बोलावतात आणि रडायला लागलो की दिवा मालवतात. ते अजून तसंच आहे. विनोदी मालिका मागा, चार मिळतील. पण संध्याकाळी सगळं घर समोर बसतं त्या वेळेला आपली माणसं मधोमध, आणि कोणी बेड्यांत नाही, असं किती वेळा पाहिलंत? ग्रँट गोड आवाजात सांगतात, “यंदा या प्रकारातली एकच घेता येईल.” कोणता प्रकार ते बोलत नाहीत, मीही विचारत नाही. गोऱ्या डॉक्टरांच्या तीन मालिका त्यांच्याकडे आत्ता चालू आहेत. तो मात्र प्रकार नव्हे.

त्या एका जागेवर माझ्यासोबत मार्विन टिब्स उभा आहे. सवानाच्या बंदरावरच्या एका कुटुंबाची गोष्ट त्यानं लिहिलीय. मी वाचलीय, चांगली आहे, म्हणूनच झोप लागत नाही. इतकी वर्षं आम्ही एकमेकांच्या डब्यातलं खाल्लं. आता लिफ्टमध्ये भेटलो की हवामानावर बोलतो, आणि लॉस एंजेलिसला हवामान नसतंच.

डॉक्टर पेटवेच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर अर्लीन नावाची बाई बसते. ते काम ज्युनिटा फॉन्टेनो करतात. चेहरा बघितलात की तुम्ही ओळखाल. आयुष्यभर टीव्हीवर न्यायाधीश झाल्यात. “हरकत फेटाळली” म्हणायचं आणि जायचं. इतक्या वेळा, की काळा झगा स्वतःचा शिवून घेतलाय, गाडीत पडलेला असतो. पहिल्या दिवशी सेटवरच्या स्वयंपाकघरात खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, “कॅमेऱ्यासमोर मी कधी स्वयंपाकघरात बसलेच नव्हते.” मग बराच वेळ उठल्या नाहीत.

“ती माझ्यासारखी आहे का?” असं तुम्ही विचारालच. टेबल तुमचं आहे, पपांच्या दवाखान्यातलं. चष्म्याची साखळी तुमची आहे. बाकीचं बघाल तेव्हा कळेल.

तुमची,
डॉक्टरांची मुलगी,
लीथा


लॉस एंजेलिस
९ मार्च २०१२

प्रिय मिस वर्नेल,

तुमचं पत्र मिळालं. “मला घेतलंस त्याला हरकत नाही, पण बारीक करू नकोस” हे वाचून दिवसभर हसत होते. टॉमी लूकडून पाठवलेले पेकानचे दाणे पोचले. अर्धे खाल्ले, अर्धे लपवून ठेवले, आता कुठे ठेवले ते सापडत नाही.

इकडे पंधरवडाभर नुसत्या बैठका चालल्या आहेत. ग्रँट माणूस वाईट नाही. दार उघडून धरतो, आईला रोज फोन करतो. परवा त्यानं मला बसवलं, पहिला भाग लावला, मधेच थांबवला आणि म्हणाला, “हे ‘मिस अर्लीन, मिस अर्लीन’ फार होतंय.”

मी म्हटलं, “तिचं नाव आहे ते.”

“नाव अर्लीन आहे. मिस म्हणजे लग्न न झालेली. आणि दुसऱ्याच प्रसंगात तिचा नवरा येतो. लोक गोंधळतील.”

“आमच्याकडे कोणी गोंधळत नाही. वयानं मोठी बाई, ओळखीची, नावानं हाक मारायची तर आधी मिस. नवरा असो, नसो, तीन होऊन गेलेले असोत.”

“पण डॉक्टर मालकीण आहे, ओलेथा. पगार ती देते. ती हिला मिस म्हणते म्हणजे हिला बिचकते असं दिसतं. मला डॉक्टर ताठ दिसायला हवी.” इकडे सगळे मला पूर्ण नावानं, ओलेथाच म्हणतात.

“बिचकतेच की,” मी म्हटलं. “पगार दिला म्हणून वय थोडंच विकत मिळतं?”

तो हसला. मग मी त्याला क्रेनशॉच्या खेचराची गोष्ट सांगितली. तुमच्या लक्षात असेल. मी तेव्हा दवाखान्याच्या पायरीवर बसून कलिंगड खात होते. क्रेनशॉ आत आला, टोपी डोक्यावर, आणि तुम्हाला म्हणाला, “वर्नेल, डॉक्टरला सांग, माझं खेचर लंगडतंय.” तुम्ही टाइप करत होतात, करतच राहिलात. तो आणखी मोठ्यानं म्हणाला, “वर्नेल.” तुम्ही कागद बदललात. तो टेबलावर हात आपटायला लागला. तेव्हा पपा आतून आले, हात पुसत, आणि अगदी शांतपणे म्हणाले, “मिस्टर क्रेनशॉ, माफ करा हं. मिस वर्नेलना एका बाजूनं कमी ऐकू येतं.” “कोणत्या बाजूनं?” क्रेनशॉनं विचारलं. पपा म्हणाले, “नाव अर्धं घेतलं की त्या बाजूनं.”

खेचर बाहेर उन्हात उभं होतं. पलीकडच्या गावापर्यंत दुसरा डॉक्टर नव्हता. शेवटी त्या गोऱ्या माणसानं टोपी काढली, जमिनीकडे बघत “मिस वर्नेल” म्हटलं, आणि तुमचे कान उघडले. “कोणता पाय लंगडतोय?” असं तुम्ही विचारलंत, जणू तो आत्ताच आलाय.

ग्रँटनं सगळं ऐकलं. त्याला मनापासून आवडलं, हे खोटं नाही. म्हणाला, “सुंदर आहे. यावर पुढे एक अख्खा भाग लिही. आधी लोकांना डॉक्टर आवडू दे.” आणि उठता उठता सहज म्हणाला, “मार्विनला सांगितलेले बदल त्यानं लगेच करून दिले.”

असो. काहीतरी मार्ग निघेल. या धंद्यात कोण अडून बसतं ते लोक लक्षात ठेवतात, आणि आपल्यातलं कोणी अडलं तर जरा जास्तच. मी वेळेवर काम देणारी म्हणून टिकलेय.

या महिन्याअखेरीस पहिला भाग मेम्फिसमध्येच एका थिएटरात दाखवून बघणार आहेत. आपल्या लोकांना बोलावून, त्यांना काय वाटतं ते विचारून. लिहिणाऱ्याच्या ओळखीचं कोणी चालत नाही, नियमच आहे. म्हणून थिएटर कोणतं ते तुम्हाला सांगत नाही.

तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलं होतं, ती डॉक्टरीण अर्लीनला काय म्हणून हाक मारते. कागद संपत आला. लिंबाचं लोणचं घालायचं म्हणतेय, तुमची कृती पाठवाल का?

तुमची,
लीथा


लॉस एंजेलिस
५ एप्रिल २०१२

प्रिय मिस वर्नेल,

लोणच्याची कृती आली नाही. पत्राला उत्तरही आलं नाही. का, ते शनिवारी दुपारी थिएटरात कळलं.

तुम्ही पुढे बसला होता, त्यामुळे मागे काय चाललं होतं ते तुम्हाला माहीत नाही. ते सांगायला हे पत्र. आणि तुमच्या पत्राच्या शेवटच्या ओळीत जे विचारलं होतंत, त्याचं उत्तर द्यायला.

मार्ग मी काढला होता. शब्दच काढला होता. अर्लीनला डॉक्टर हाक मारते तिथे तिथे आवाजातून ‘मिस’ कापला. बहुतेक ठिकाणी डॉक्टर पाठमोरी दिसेल असं बघितलं. एका ठिकाणी चेहराच होता, दुसरं चित्र नव्हतं, म्हणून तसंच ठेवलं. एवढ्याशा गोष्टीकडे कोण बघतंय, असं मीच म्हणाले. एका दुपारचं काम. वेळेवर दिलं.

थिएटरात मी आणि ग्रँट अगदी शेवटच्या रांगेत बसलो होतो. प्रत्येक प्रेक्षकाच्या हातात ती गोल बटणं दिली होती ना, आवडलं तर उजवीकडे फिरवा, नाही आवडलं तर डावीकडे, त्या सगळ्यांची मिळून एक रेषा ग्रँटच्या मांडीवरच्या लॅपटॉपवर सरकत असते. मी पडद्याकडे बघतच नव्हते. रेषेकडेच बघत होते. वासरू जन्मतं तिथे ती चढली. अर्लीनचा नवरा जेवणाचा डबा विसरतो तिथे हसू आलं, आणखी चढली. ग्रँटनं माझ्या हातावर थोपटलं.

मग डॉक्टर रक्तानं भरलेले हात घेऊन दारात उभी राहते आणि म्हणते, “अर्लीन, त्या घोड्याचा कागद कुठे आहे?”

विहिरीत बादली सुटावी तशी रेषा खाली गेली.

ग्रँट माझ्या कानात म्हणाला, “घोडा आवडला नाही वाटतं.”

“घोडा अजून आलाच नाही,” मी म्हटलं.

माझ्या पुढच्या रांगेतला माणूस बायकोला विचारत होता, “काय म्हणाली ती?”

“अर्लीन.”

“नुसतं?”

“नुसतं.”

“त्या आजीबाईला?” आणि त्यानं बटण असं पिळलं की मला वाटलं मोडतंय.

तेवढ्यात पुढून आवाज आला. तुमचं कुजबुजणं कसं असतं ते तुम्हाला कोणी सांगितलेलं दिसत नाही, मिस वर्नेल. चर्चच्या शेवटच्या बाकापर्यंत जातं.

“ती मिस म्हणाली.”

“नाही म्हणाली, मावशी,” टॉमी लूचा आवाज. “हळू बोला. लोक बघतायत.”

“मला काय सांगतेस? ओठ मिटले तिचे. मी बघितले. नुसतं अर्लीन म्हणायला ओठ कशाला मिटतील? म्हणून बघ.”

आणि मग त्या अंधारात आधी तुमच्या चर्चच्या बायका, मग त्यांच्या मागची रांग, मग जवळजवळ अर्धं थिएटर हळूच म्हणून बघायला लागलं. अर्लीन. मिस अर्लीन. अर्लीन. पडद्यावर घोडा आला, कोणी बघेना. मी ग्रँटकडे पाहिलं. तोही म्हणत होता, आवाज न करता. दुसऱ्या खेपेला त्याचे ओठ मिटले आणि तो तसाच बसून राहिला.

नंतर दिवे लागले आणि त्या माइकवाल्या मुलानं काय खटकलं ते विचारलं, तेव्हाचं तुम्हाला माहीतच आहे. तो बस चालवणारा माणूस म्हणाला, “डॉक्टर हुशार आहे. पण तिला वाढवलं कोणी?” सगळे हसले, पण डोलावल्याही माना सगळ्यांनी. आणि तुम्ही माइक न घेताच म्हणालात, “पोरीला दोष देऊ नका. तिच्या आईनं तिला नीटच वाढवलंय, तिच्या तोंडातून शब्द निघाला होता. मधे कोणीतरी हात घातलाय.”

तुम्ही मागे वळून बघितलं नाहीत. बाहेर तुमची व्हॅन लागली तेव्हा मी खांबाशी उभी होते. पुढे यायचं धाडस झालं नाही. टॉमी लूनं फोनवर सांगितलं की तिकिटं चर्चमध्ये फुकट वाटली होती, आणि ‘टीव्हीच्या धंद्यातलं कोणी ओळखीचं आहे का’ असं दारावरच्या मुलानं विचारल्यावर तुम्ही इतक्या वेळा “काय म्हणालास, बाळ?” केलंत की त्यानं कंटाळून आत सोडलं. कानात घालायचं यंत्र पर्समध्येच होतं म्हणे.

विमानतळावर जाताना गाडीत ग्रँट शेजारी बसला होता. मी म्हटलं, “मी तो शब्द परत घालतेय. सगळीकडे. ते चालणार नसेल तर जागा मार्विनला द्या. त्याची मालिका चांगली आहे, मी वाचलीय.” बोलून झाल्यावर लक्षात आलं: जिच्यासाठी एवढं केलं ती जागा मीच पुढे सरकवून दिली होती.

तो खिडकीतून नदी बघत होता. मग म्हणाला, “रेषा मीही बघितली, ओलेथा.” थोड्या वेळानं म्हणाला, “त्या पुढच्या आजी कोण?”

मी म्हटलं, “नाव सांगते. पण पूर्ण घ्यावं लागेल.”

सोमवारी लिफ्टमध्ये मार्विन भेटला. म्हणाला, “ऊन बरंय आज.” मी म्हटलं, “मार्विन, तुला काय काढायला सांगितलं?” तो वरच्या आकड्यांकडे बघत राहिला. आमचा मजला आला, गेला. मग म्हणाला, “जेवणाआधीची प्रार्थना. लांबते म्हणाले. बापाला ‘आमेन’पासून सुरू केलंय.” आम्ही दोघं हसून हसून भिंतीला टेकलो. मग तो रडला. त्या दुपारी त्यानं प्रार्थना परत घातली, आणि ग्रँटला जाऊन सांगितलं की ओलेथाची मालिका घेतली नाहीत तर चुकाल. मी त्याच्याबद्दल आधीच सांगून बसले होते, हे त्याला ठाऊक नव्हतं.

काय ठरतं ते मे महिन्यात कळेल. दोघांनाही नाही म्हणतील, असंही होऊ शकतं. पण जे दाखवलं जाईल त्यात ज्युनिटाबाईंना पूर्ण नावानं हाक ऐकू येईल, एवढं नक्की. मी स्वतः बसून प्रत्येक जागा तपासली. आवाज बंद करून, नुसते ओठ बघत.

आता मला लोणच्याची कृती पाठवाल का?

तुमचीच,
डॉक्टर मॅब्रींची मुलगी,
लीथा


मेम्फिस
७ ऑक्टोबर २०१२

पोरी लीथा,

तुझं फुलांचं टोपलं पोचलं. फुलं कशाला, खायचं काही पाठवायचं होतंस. मी ठीक. गुडघा ठीक नाही.

एप्रिलच्या पत्राला उत्तर दिलं नाही ते मुद्दाम. मनात होतं, आधी बघते, मग लिहिते. गुरुवारी टीव्हीवर पहिला भाग बघितला. टॉमी लूकडे माणसं मावेनात. पास्टरसाहेब जमिनीवर बसले. मी सकाळपासून सगळ्यांना फोन लावत होते, जसे दवाखान्यातून लावायचे. तेव्हा टीव्हीवर आपलं कोणी एक मिनिट जरी दिसणार असलं तरी गावभर फोन जायचे. फोनवर मला ऐकू येत नाही असं तू म्हणतेस. मला ऐकायचं नसतं, सांगायचं असतं.

आता तुझ्या चुका. एक, ती ज्युनिटा बारीक आहे. तुला सांगितलं होतं. दुसरं, मक्याच्या पावात साखर घालताना दाखवलीस. आपल्या गावी, हॉलोवेलमध्ये, साखर घालत नाहीत, लोकांचे फोन आले. तिसरं, खेचराच्या कानाला इतक्या जोरात धरत नाहीत, तुझे पपा असते तर त्यांनी डॉक्टरणीला बाहेर काढलं असतं. त्या ज्युनिटाला विचार, जज्जाचा झगा आता लागत नसेल तर आमच्या चर्चच्या गायकांना हवाय.

बाकी बरं होतं. बरं म्हणजे, मी बोलले नाही, आणि टॉमी लू म्हणते असं तिनं कधी पाहिलं नाही. हात मागे घेऊन तुझे पपा दारात उभे राहायचे तशीच ती डॉक्टरीण उभी राहते. ते तू लक्षात ठेवलंस.

त्या मुलाची, मार्विनची, बंदरावरची जानेवारीत सुरू होणार म्हणे. पेपरात वाचलं. म्हणजे दोन. आता माझी पंचाईत. एक होती तेव्हा फोन लावायचा कळत होतं. दोन असल्यावर कशासाठी लावू? टॉमी लू म्हणते, मावशी, आणखी दोन आल्या की तुमचा फोन काढून टाकू. मी म्हटलं, येऊ देत. त्या दिवशी मी स्वतः वायर ओढीन.

लोणच्याची कृती देत नाही. इकडे ये, करून दाखवते. लिहून ते जमत नाही.

एक सांगायचं राहिलं. शुक्रवारपासून रस्त्यावरची पोरं मला मिस अर्लीन म्हणायला लागलीत. नाव चुकीचं आहे. पण सगळं नीट ऐकू येतं.

तुझी,
मिस वर्नेल हकबी